सहावा बोल्ट

त्या रविवारी मी शेडमध्ये जेमतेम वीस मिनिटं होते. बाबा त्यांच्या गोळ्या घरी विसरून गेले होते, आणि माझी वाट तिकडूनच जात होती, म्हणून आईनं त्या माझ्या हातात दिल्या. शटर अर्धं खाली ओढलेलं होतं. वाकून आत गेले तर आधी बाबांचे बूटच दिसले. बाकीचे बाबा गाडीच्या खाली, चाकांच्या फळीवर उताणे. गाडी म्हणजे तेव्हा नुसता सांगाडाच होता. पुढे नळ्यांचा पिंजरा आणि त्यात एक उघडी सीट, मागे इंजिन, इंजिनाला चिकटून गिअरबॉक्स, आणि हे सगळं दोन घोड्यांवर उचलून ठेवलेलं. छताला टांगलेली साखळी अजून थोडी हलत होती, म्हणजे इंजिन नुकतंच खाली उतरवलं होतं. माझ्या चपला बघूनच की काय, बाबांनी मला ओळखलं. "आलीस का चिमटी? बऱ्या वेळेला आलीस." चिमटी हे नाव मला आठव्या वर्षापासून आहे. इंजिनाच्या पोटात पडलेला वॉशर काढायला बाबांच्या तेव्हाच्या कामावर माझ्याएवढा बारीक हात दुसऱ्या कुणाचा नव्हता. फळी सरकवत बाबा बाहेर आले, चिंधीला तळवे पुसले, गोळ्या घेतल्या आणि म्हणाले, पाच बोल्ट झाले, सहावा राहिलाय. त्यांचा पंजा तिथं जात नव्हता. दोन मिनिटांचं काम आहे, म्हणाले. मी घड्याळ बघितलं. माझ्या पिशवीत शब्दकोशाची शेवटची मुद्रितं होती आणि ती सोमवारी सकाळी छापखान्यात जायची होती, हे मी त्यांना सांगितलं, जरा जास्तच तपशिलात सांगितलं. "पुढच्या रविवारी, बाबा. नक्की." ते म्हणाले, "ठेवतो तसाच. घाई कुठंय." मग पाण्याबरोबर गोळी घेता घेता त्यांनी विचारलं, कुठल्या अक्षरावर आलीस? ह, म्हटलं मी. "म्हणजे संपतच आलं की." मी म्हटलं, क्ष आणि ज्ञ राहिलेत. ते हसले, आणि पुन्हा फळीवर आडवे होऊन गाडीखाली गेले. शेवटीही मला त्यांचे बूटच दिसले.

खरं सांगायचं तर दोन मिनिटं होती. दोनच काय, दोन तास होते.

मंगळवारी सकाळी घरी बूट घालताना बाबा गेले. एका बुटाची नाडी बांधलेली होती, दुसऱ्याची नव्हती. आई स्वयंपाकघरातून त्यांना काहीतरी विचारत होती, दोनदा विचारलं, आणि तिसऱ्यांदा चिडून बघायला आली. काय विचारत होती ते तिला अजून आठवत नाही, आणि त्याचीच तिला जास्त हळहळ वाटते. पुढचे दोन आठवडे घरात माणसं होती. माणसं असली की बरं असतं, चहा किती कप हा प्रश्न तरी असतो. त्या माणसांत एक लंगडत आला होता. पन्नाशीचा, चांगल्या कपड्यांतला. त्याला मी लगेच ओळखलं आणि स्वयंपाकघरात निघून गेले. तो तिथंही आला. माझा घोटा मोडला होता तेव्हा, म्हणाला, तुमचे बाबा दोन महिने रोज दवाखान्यात यायचे, संध्याकाळी सहाला, नुसते बसायचे, आणि निघताना उशी सरळ करून जायचे. मी त्याला साखर किती विचारलं. माणसं पांगल्यावर आई एकदा भाजी निवडता निवडता म्हणाली, "ठिणगीभावजी रोज फोन करतात आणि काही बोलत नाहीत. कसे आहात विचारतात आणि धरून बसतात. तू एकदा जाऊन ये बाई तिकडे." मी हो म्हटलं आणि गेले नाही. ठिणगीकाका म्हणजे बाबांचे भागीदार, वेल्डर. धंद्यामुळे नाव पडलं की रागामुळे, याबद्दल शेडमध्ये दोन पक्ष होते आणि काका दोन्ही पक्षांवर सारखेच चिडायचे.

शेवटी मला तिकडे नेलं ते एका बसनं. ऑफिसातून परत येत होते, खिडकीला डोकं टेकलं होतं. सिग्नलला बस थांबली आणि काच कपाळाखाली थरथरायला लागली. रोजचीच बस, रोजचाच सिग्नल. पण त्या दिवशी तो थरथराट काचेतून कवटीत, कवटीतून दाढांत उतरला, आणि माझ्या डोक्यात बाबांचा आवाज अगदी सहज म्हणाला, रबर गेलंय. शेजारच्या बाईनं माझ्याकडे बघितलं, म्हणजे कदाचित मीच मोठ्यानं म्हणाले असेन. रबर गेलंय. इंजिनाखालचं रबर झिजलं की गाडी उभी असतानाच जास्त हलते, चालायला लागली की बरी वाटते. बाबा गेल्यापासून मला कुणी विचारलं असतं तर मी स्वतःबद्दल हेच सांगितलं असतं. बस हलली, थरथराट थांबला, आणि मला तो थांबायला नको होता.

मी आठ-नऊ वर्षांची असताना बाबांनी मला हे समजावलं होतं. घरच्या गाडीत इंजिन चासीवर नुसतं ठेवत नाहीत, तीन-चार ठिकाणी रबराच्या जाड वड्या घालून त्यावर बसवतात. इंजिन कापतं, थरथरतं, रबर ते गिळून टाकतं, आणि आत बसलेल्या माणसाला वाटतं सगळं शांत आहे. शर्यतीच्या गाडीत रबर नाही. लोखंडाला लोखंड, बोल्टनं करकचून. मी विचारलं, मग चालवणाऱ्याला त्रास नाही का होत? होतो की, म्हणाले, दात खुळखुळतात, पण त्यालाच तर कळायला पाहिजे इंजिनाचं काय चाललंय. रबर असलं की इंजिन वळणावर एकीकडे झुकतं आणि गाडी दुसरीकडे, बोटभराचा फरक, पण त्या वेगात बोटभर म्हणजे पुष्कळ. आणि आमच्या गाड्यांत तर इंजिनाच्या मागे चासीच नव्हती. पिंजरा चालवणाऱ्याच्या पाठीशी संपायचा. त्याच्या पाठीच्या चौकटीला इंजिन सहा बोल्टांनी जोडायचं, इंजिनाला गिअरबॉक्स, आणि मागची चाकं गिअरबॉक्सला. म्हणजे मागची अर्धी गाडी इंजिनच पेलतं. इंजिन काढलं की गाडीचे दोन तुकडे. हे मला पटेना. इंजिन आत बसतं, ते गाडी कसं धरून ठेवेल? बाबांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "घरच्या गाडीत ते पाहुणा असतं. पाहुण्याला आपण गादी देतो. इथं ते घरचं माणूस आहे. घरच्याला कोण गादी देतं, त्याला काम सांगतात." पुढे मी पुष्कळ वाचलं, वाचणं हाच माझा धंदा झाला, पण एखादी गोष्ट इतक्या कमी शब्दांत समजावणारं माणूस मला फारसं भेटलं नाही.

मी उतरायच्या थांब्यावर उतरले नाही. तीन थांबे पुढे उतरले आणि शेडच्या दिशेनं चालायला लागले. चालताना मी ती गोष्ट आठवत होते असं म्हणणं बरोबर नाही. ती आठवायला लागत नाही, ती असतेच. मी सतरा वर्षांची होते. बाबा तेव्हा एका मोठ्या संघाचे मुख्य मेकॅनिक होते, धुतलेले डांगरी कपडे घालायचे, खिशावर नाव. सुट्टीत मी त्यांच्याबरोबर जायचे. शर्यतीच्या आदल्या दुपारी इंजिन बदललं होतं. पाच बोल्ट बाबांनी स्वतः आवळले. सहावा धुराच्या नळ्यांच्या मागे होता, तिथं माझाच हात जायचा. बाबांनी दाखवून दिलं: टॉर्क पाना लाव, ठरलेल्या जोराला पोचला की तो कट् करेल, कट् झालं की थांबायचं, मग खूण. खूण म्हणजे पिवळ्या रंगाची एक रेघ, बोल्टच्या डोक्यावरून खाली चौकटीच्या कानापर्यंत, म्हणजे बोल्ट ज्या भोकाच्या पट्टीतून जातो तिच्यापर्यंत, ओढलेली. बोल्ट पुढे हलला तर रेघ तुटलेली दिसते, दुरूनही कळतं. प्रत्येक मेकॅनिकचा रंग वेगळा, आणि रेघ ज्याच्या रंगाची, बोल्ट त्याच्या जबाबदारीचा. पिवळा बाबांचा. त्यांना कुणीतरी हाक मारली आणि ते गेले. मी सहावा बोल्ट साध्या पान्यानं फिरेल तेवढा फिरवला. टॉर्क पाना पलीकडच्या गाडीवर कुणी नेला होता. तो येईपर्यंत म्हणून मी रंग घेतला आणि सहाही रेघा ओढून टाकल्या. पाना आला की सहावा आवळू, एवढंच राहील, असं ठरवलं. आणि मग खोक्यावर बसून कादंबरी उघडली. चाळीस पानं राहिली होती. पाना आला तेव्हा मी वाचत होते. बाबा आले, त्यांनी दिवा मारून सहा पिवळ्या रेघा बघितल्या, माझ्या डोक्यावर टपली मारली, आणि वरचं झाकण बसवलं.

अकराव्या फेरीत सहावा बोल्ट निघाला. एक गेला की बाकीच्यांवर भार येतो. चौकटीचा एक कान फाटला, इंजिन बोटभर सरकलं, आणि ज्या वळणावर गाडी वळायची तिथं ती वळली नाही. चालवणाऱ्याचा घोटा मोडला. चौकशीत तो बोल्ट टेबलावर ठेवला होता. डोक्यावर अर्धी रेघ, पिवळी, स्वच्छ. बाबा म्हणाले, खूण माझी आहे. कुणी आणखी काही विचारलं नाही, बाबांनीही काही सांगितलं नाही, आणि पुढच्या महिन्यात ते त्या संघात नव्हते. मी दाराशी उभी होते. मला बोलायला तेव्हा जागा होती, घरी येताना गाडीत होती, रात्री जेवताना होती. नंतर एकेक दिवस जागा कमी होत गेली. ते पुस्तक मी परत केलं. शेवटची चाळीस पानं मी आजपर्यंत वाचलेली नाहीत.

ती गोष्ट बाबांना माहीत होती का, हे मला कधी कळलं नाही, आणि ओझं होतं ते हेच. बावीस वर्षं मला वाटायचं, हा माणूस स्वतःलाच दोष देत असणार: सहावा मीच तर आवळला नाही ना, आणि विसरलो? वय झालं का माझं? कारण त्यानंतर त्यांनी ठिणगीकाकांबरोबर स्वतःची शेड काढली आणि भिंतीवर रंगानं दोन ओळी लिहिल्या, त्या अजून आहेत. जो आवळेल त्यानं खूण करायची नाही. सगळे आवळल्याशिवाय एकावरही खूण नाही. आपल्या हातावरचा विश्वास उडालेला माणूसच असं लिहितो, असं मी समजत होते. मी शेडमध्ये जायचे, चहा घेऊन, गोळ्या घेऊन, पण इंजिनात हात घातला नाही. चिमटी म्हणून हाक मारायचे मात्र. कॉलेज, मग मुद्रितशोधन. तिथं मला फार नाव आहे. शोधलेल्या पानाच्या कोपऱ्यात आपली सही करायची असते, आणि मी दोनदा वाचल्याशिवाय सही करत नाही म्हणून कंपोझिटर वैतागतात. त्यांना कारण माहीत नाही.

शटर अर्धं खाली होतं. आत काका फळीवर बसले होते, आडवे नाही, नुसते बसलेले, आणि समोर खुर्चीत डॉक्टरीणबाई. या दातांच्या डॉक्टर, आणि सुट्टीच्या दिवशी शर्यतीत गाडी चालवतात. हीच ती गाडी, त्यांची. मला बघून काका उठले नाहीत. म्हणाले, "ये. चहा झालाय, थंड आहे." मी चहा घेतला. गाडी तशीच होती, दोन घोड्यांवर. कुणीतरी तिच्यावर जुनी चादर टाकून परत काढलेली दिसत होती. बाबांचा कोट खिळ्यावर नव्हता, सोमवारी ते तो इथंच विसरले होते, तो आईनं मागवून घेतला होता. मी विचारलं, झाली का गाडी. काका म्हणाले, वायरी झाल्या, पाणी झालं, तेल भरलं, बारा दिवस झाले. मग डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की सहावा बोल्ट तसाच आहे. त्यांनी स्वतः विचारून बघितलं होतं: माझे हात दिवसभर लोकांच्या तोंडात जातात, या भोकात का नाही जाणार? "तर हे अंगावर आले माझ्या."

"अंगावर नाही आलो," काका म्हणाले. "नको म्हटलं."

"पाना काढून घेतला हातातून."

काकांनी माझ्याकडे बघितलं नाही. गाडीकडे बघत, तक्रार करावी तसं सांगायला लागले. ही चौकट त्यांनीच जोडली, चार महिन्यांपूर्वी. नळ्या आधी नुसत्या टाचून ठेवल्या होत्या, वेल्डिंगच्या बारीक ठिपक्यांनी, म्हणजे काही बदलायचं तर बदलता येतं. तेव्हाच त्यांना दिसलं की ही तिरकी नळी सहाव्या बोल्टच्या आड येतेय. बाबांना म्हटलं, दोन बोटं वर घेऊ, तुझा पंजा आरामात जाईल. बावीस वर्षं प्रत्येक गाडीत आपण तेच करत आलो, सहावा मोकळा ठेवत आलो. तर नाही म्हणाला. मी म्हटलं अरे, नंतर कापावं लागेल, पक्कं जोडल्यावर मी कापणार नाही, सांगून ठेवतो. तर म्हणे राहू दे. मी चिडलो. म्हटलं, मग आवळणार कोण, तुझा आजोबा?

"काय म्हणाले?"

"म्हणाला, हात आहे आपल्याकडे."

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मला काकांनी सांगितलेलं पुन्हा एकदा ऐकायचं होतं, म्हणजे मुद्रित दोनदा वाचतात तसं. हात आहे आपल्याकडे. चार महिन्यांपूर्वी. म्हणजे त्या रविवारी मी गोळ्या घेऊन योगायोगानं गेले तेव्हा बऱ्या वेळेला आलीस म्हणाले, ते चार महिने थांबून म्हणाले होते. कदाचित गोळ्याही. नाही, गोळ्या ते नेहमीच विसरायचे.

मी पिशवी खाली ठेवली, बांगडी आणि घड्याळ काढून पिशवीवर ठेवलं. काकांनी विचारलं नाही, टॉर्क पाना फडक्यात गुंडाळलेला होता तो सोडवला, आकडा जुळवला, आणि माझ्या हातात दिला. डाव्या हातात. हे त्यांनी लक्षात ठेवलं होतं. मी डावरी आहे. फळीवर आडवी झाले, पाठीखाली गार लोखंड, आणि आत सरकले. खालून गाडी निराळीच दिसते, जणू आपण तिच्या आत आहोत आणि ती आपल्याभोवती आहे. काकांनी दिवा धरला. दंड त्या तिरक्या नळीवरून घासत आत गेला, मनगट वळलं, आणि बोटांना बोल्ट सापडला. तो नुसता हातानं फिरवून ठेवलेला होता, आटे स्वच्छ, तेलाचा एक थेंब लावलेला. त्या बोटांनी लावलेला, ज्यांना पुढे जाता येत नव्हतं. टोकांनीच लावला असणार. मला वाटलं होतं की त्या जागी पोचल्यावर काहीतरी होईल, हात कापेल, रडू येईल. तसं झालं नाही. हात चांगला होता. हाताला ते काम येत होतं. पाव वळण, परत पान्याची जागा घे, पाव वळण. एकोणचाळीस वर्षांचा हात, अजून बारीक, पुस्तकांनी बारीकच ठेवलेला. मग पान्यानं कट् केलं. एवढासा आवाज, दोन बोटं वाजवल्यासारखा, आणि तो मी बावीस वर्षं ऐकायची राहिले होते. थांबले. काका वरून म्हणाले, ऐकलं.

बाकीच्या पाचांवर काकांनी पाना लावून बघितला. पाचही ठिकाणी तो लगेच, न फिरता, कट् झाला. बाबांनी जसे ठेवले तसेच होते. पाचव्यावर काका थोडा वेळ पाना तसाच धरून उभे राहिले, आणि त्यांच्या तोंडातून एक शिवी आली, प्रेमाची, ती मी इथं लिहीत नाही. मग रंगाची बाटली. सहावा मी आवळला, म्हणून त्याची रेघ काकांची. ते फळीवरून आत गेले. त्या जागी लांब दांड्याचा कुंचला लागतो, तो त्यांनी दातात धरला होता, शिव्या देत आणि कण्हत बाहेर आले. आता बाबांचे पाच. बाटली त्यांनी माझ्यापुढे धरली. मी म्हटलं, तुम्ही करा. "मी का? मी त्याच्या रेघा बावीस वर्षं ओढल्या. आज तू ओढ." मी पाच रेघा ओढल्या. पिवळा रंग दाट असतो, हात थांबला तर गोळा होतो, थांबता येत नाही.

उभी राहून, दोन पावलं मागे येऊन मी बघितलं. दिव्यात पाच रेघा ओल्या चमकत होत्या, आणि पाचही डावीकडे कललेल्या. डावऱ्या हाताच्या रेघा तशाच येतात. मागच्या शेल्फवर दुसऱ्या इंजिनाचा सांगाडा होता, त्याच्यावर काकांच्या जुन्या रेघा, उजवीकडे कललेल्या. बाबांच्याही तशाच असायच्या. हे मी कधी जाणूनबुजून बघितलं नव्हतं, बघायचं काय त्यात. मग माझी नजर कोटाच्या खिळ्यावर गेली. कोट नव्हता म्हणूनच दिसलं. खिळ्यावर लोखंडाचा एक फाटलेला तुकडा लटकत होता, पंजाएवढा, भोकाच्या कडेनं उसवलेला. चौकटीचा कान. बावीस वर्षं तो कोटाच्या मागे होता. बाबा रोज सकाळी त्यावर कोट अडकवायचे आणि रोज संध्याकाळी काढायचे. मी जवळ गेले. फाटलेल्या भोकापासून खाली पिवळी रेघ होती, अर्धी, बोल्टच्या डोक्यावर गेलेल्या अर्ध्या रेघेची जोडीदार. रंग विटला होता. रेघ डावीकडे कललेली होती.

नखानं आटे मोजणारा माणूस. एखादा बोल्ट हातात घेऊन तो कुठल्या गाडीचा ते सांगणारा. चौकशीच्या टेबलावर ती रेघ बघूनच ते म्हणाले होते, खूण माझी आहे. आणि पुढे शेडच्या भिंतीवर लिहिलं ते स्वतःच्या हातावर विश्वास नव्हता म्हणून नव्हे. घरातल्या कुणावर पुन्हा कधी एकट्यानं तो भार येऊ नये, दोघांत वाटला जावा, म्हणून लिहिलं. मी ते रोज वाचत होते आणि चुकीचं वाचत होते. वाचणं माझा धंदा. मला हसू यायला लागलं, आणि ते हसू आहे की काय ते तपासायला मी गालावर हात फिरवला, तर पिवळा रंग लागला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, इंजिन लावून बघूया का, रंग वाळेपर्यंत. काका म्हणाले, दहा मिनिटं थांब की बाई, कुठं दात दुखतायत कुणाचे. दहा मिनिटं आम्ही थांबलो. मी तो लोखंडाचा तुकडा खिळ्यावरून काढून हातात धरला होता आणि काका तो बघत होते आणि काही विचारत नव्हते. मला वाटलं, यांनाही माहीत असेल. सगळ्यांनाच माहीत असेल, आणि बावीस वर्षं सगळे मला गादी देत आले असतील.

मग डॉक्टरीणबाई पिंजऱ्यात उतरून सीटवर बसल्या आणि त्यांनी बटण दाबलं. इंजिन दोनदा खोकलं आणि लागलं. शेड भरून गेली. पत्रे, पाने, टेबलावरचे कप, सगळं थरथरायला लागलं. मी चौकटीवर तळवा ठेवला. मध्ये काही नव्हतं, लोखंडाला लोखंड, आणि इंजिन नळ्यांतून माझ्या मनगटात, कोपरात, खांद्यात, दातांत आलं. बसमधल्यासारखा थरथराट नव्हता हा, कुठं काही झिजलेलं नव्हतं. सगळं एकत्र हलत होतं, म्हणून काहीच हलत नव्हतं. पिवळ्या रेघा जागच्या जागी होत्या, कुठं तुटल्या नव्हत्या. त्या आवाजात मी बोलले. माझ्या ओठांना कळलं की मी बोलतेय, कानांना कळलं नाही. पूर्ण वाक्य बोलले. छान वाटलं, आणि लगेच लक्षात आलं की ही पण रबराचीच वडी आहे.

मी डॉक्टरीणबाईंना हातानं खूण केली. त्यांनी इंजिन बंद केलं. शेडमधली शांतता आधी कानांत शिट्टीसारखी वाजली, मग खरी शांतता आली. टेबलावर एक कप अजून बशीत किणकिणत होता, तोही थांबला. काका दिवा हातात धरून उभे होते.

"बाबा," मी म्हटलं, मोठ्यानं, गाडीखालच्या माणसाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, "तो सहावा बोल्ट मी आवळला नव्हता. रेघ आधी ओढली आणि वाचत बसले."